पाप आणि गुन्हा : समलिंगी व्यक्तींचे हक्क व चर्च

प्रश्न : जे कृत्य पाप वाटते, ते गुन्हा ठरू नये, असे एखादा धर्मगुरू प्रामाणिकपणे म्हणू शकतो का?

प्रतिसाद १ : इंग्लंडमध्ये नेमके हेच घडले. कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू, मायकेल रॅम्से समलिंगी संबंधांना पापच मानत. तरीही प्रत्येक पाप गुन्हा नव्हे, या भूमिकेतून त्यांनी पुरुषांमधील खासगी समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळणाऱ्या १९६७ च्या कायदाबदलाला पाठिंबा दिला.

प्रतिसाद २ : हा पाठिंबा मला जरा कोरडाच वाटतो. याउलट, सॅन फ्रान्सिस्कोत १ जानेवारी १९६५ रोजी समलिंगी व्यक्तींसाठी धर्मगुरूंच्या पुढाकाराने भरलेल्या नृत्यसमारंभाच्या दारातच पोलिसांनी येणाऱ्या पाहुण्यांची छायाचित्रे टिपली, तेव्हा पाद्र्यांनी दुसऱ्याच दिवशी पत्रकार परिषद घेऊन पोलिसांना जाब विचारला.

प्रतिसाद ३ : मात्र नोकरी किंवा घर नाकारले जाण्यापासूनचे संरक्षण १९६७ च्या त्या कायद्यात नव्हतेच.