हेरवाडसारखा विधवा-प्रथाबंदीचा ठराव बेळगाव जिल्ह्यातल्या पंचायतीत कसा टिकवायचा?

मलप्रभाकाठ:
मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. बाकीच्या पंचायतींनीही तसंच करावं म्हणून त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारचं परिपत्रक निघालं. ते आपल्याकडं लागू नाही. खानापूर तालुक्यातल्या एका पंचायतीत असा ठराव मांडायचाय. मसुद्यात काय घालावं? आणि वयस्क बायकाच "रीत मोडली तर घराला लागतं" म्हणाल्या, तर काय सांगावं?

निपाणीकर:
"अनिष्ट प्रथा बंद कराव्यात" एवढंच लिहू नका, त्यानं काही होत नाही. एकेक कृती नाव घेऊन लिहा: कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, हळदीकुंकवाला न बोलावणं, लक्ष्मीच्या यात्रेत ओटी भरू न देणं. मसुदा कन्नडमध्ये टाईप करूनच न्या, मराठी प्रत खाली जोडा. इतिवृत्त कन्नडमध्ये होतं. तुम्ही तोंडी मराठीत मांडलं तर वहीत "महिला कल्याणावर चर्चा झाली" एवढंच उतरतं आणि पुढं दाखवायला हातात काही राहत नाही. दंडाचं कलम टाळा. दंड भरायचा तो त्याच दुःखातल्या घरानं, आणि तिथून ठरावाला वैरी तयार होतात. कर्नाटकाचा 2017 चा अंधश्रद्धाविरोधी कायदा आहे, पण बांगड्या फोडणं त्यात येत नाही. त्यामुळं पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) हा ठराव म्हणजे गावाची आपापसातली संमती आहे असंच सांगा.

खरं काम ग्रामसभेत नाही, मयताच्या दारात आहे. बहुतेक घरांत मयत उचलायच्या आधी, काही ठिकाणी दहाव्याला नदीवर, बाईला न्हाऊ घालतात, कपाळभर कुंकू लावतात, हिरव्या बांगड्या भरतात, गजरा माळतात. मग तेच सगळं उतरवतात. मनगटं एकमेकांवर आपटून किंवा दगडानं काच फोडतात, काच हातात शिरते. पायाला सूज असेल तर जोडवी ओढून काढतात. सगळं दहा मिनिटांत उरकतं, आणि करणारी बहुधा भावकीतलीच थोरली विधवा असते. "आमचं काढलं, हिचं का ठेवायचं?" हे तिचं दुखणं असतं. तिला ठराव वाचून दाखवून उपयोग नाही. आधी तिच्याशी बोला, शक्य असेल तर ग्रामसभेत ठराव मांडायला तिलाच उभं करा.

गल्लीगणिक पाच-सहा बायका आधीच ठरवून ठेवा. एकीनं विधवेचा हात धरून बसायचं, उठायचं नाही. एकीनं थोरलीजवळ थांबायचं. पहिला फोन माहेरी. आई किंवा भाऊ येईपर्यंत थांबायची रीत आहेच, तिचाच आधार घ्यायचा. पुरुष कार्यकर्त्यानं पुढं होऊ नये, बायका त्याच्यासमोर गप्प होतात आणि तो गेला की उरकून टाकतात. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची: तिला स्वतःला काढायचं असेल तर अडवू नका. तिच्या अंगावर काय राहावं हे तिनं ठरवायचं, एवढ्यासाठीच तर हे सगळं आहे.

उडकी:
"रीत" म्हणजे नेमकी कुठली, हे थोरल्यांना विचारून बघा. इकडच्या शेतकरी जातींत विधवेचं दुसरं लग्न नवीन नाही. मराठीत पाट, कन्नडमध्ये उडिकी. रात्री, थोडक्यात विधी करून लावत, पण लावत. घरं वर चढायला लागली तशी वरच्या जातींची बंधनं प्रतिष्ठा म्हणून उचलली गेली. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांनी याला संस्कृतीकरण म्हटलं. म्हणजे पुष्कळ घरांत ही कडक रीत पाटापेक्षा नवी आहे. लिंगायत घरांत बसवण्णांचा वारसा सांगता येतो, मराठा घरांत शाहू महाराजांचा. कोल्हापूर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा 1917 मध्ये झाला आणि आपलं रायबाग तेव्हा त्याच संस्थानात होतं. बाहेरून कुणी शिकवायला आलंय असं मग वाटत नाही.

पाटाची दुसरी बाजूही लपवू नका. पहिल्या नवऱ्याची मुलं त्याच्या घरी राहत आणि जमिनीवरचा तिचा हक्क जाई. 1856 च्या पुनर्विवाह कायद्यातही तेच होतं: लग्नाला मुभा, पण पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवर पाणी.

उतारा-वंशावळ:
हाच धागा पुढं नेतो, कारण कुंकवाच्या मागं जमीन असते. "दुसरं लग्न केलं की हिस्सा जातो" हे आजही छातीठोकपणे सांगतात. ते खोटं आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याकडून वारशानं आलेला हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा झाला, नंतर लग्न केलं तरी तो जात नाही. मृत्युपत्र नसेल तर त्याच्या हिश्श्यात बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा वाटा. वडील पहिल्या वर्गात येत नाहीत. सासूला वाटा आहे, सासऱ्याला नाही, हे ऐकून पुष्कळ जण चमकतात.

ठरावाबरोबर ही कामं जोडा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. मग वंशावळ, मग उताऱ्यावर वारसा. घोटाळा वंशावळीत होतो: सून आणि नाती गाळतात, आणि एकदा गाळल्या की तीच वंशावळ पुढं सगळीकडं चालते. नाडकचेरीत, म्हणजे होबळीच्या महसूल कार्यालयात, देण्याआधी प्रत्येक नाव मोठ्यानं वाचून घ्या. दुखवट्यात "सही कर, नुसतं नावावर करायचंय" म्हणून हक्कसोडीचा, म्हणजे जमिनीतला हिस्सा सोडून देण्याचा, कागद पुढं करतात. बाराव्याच्या आत सही नाही, अंगठा नाही, हे वाक्य ठरावातच घाला.

विधवा वेतनाचा अर्ज नाडकचेरीतच होतो. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2,000 रुपये रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख असलेल्या बाईला मिळतात. कार्ड सासूच्या नावावर असेल तर सुनेला नाही. यावरून सासू-सुनेत वाद लावू नका, फक्त दोघींनाही माहीत असू द्या.

मलप्रभाकाठ:
बाराव्याचं कलम आणि कृतींची नावं मसुद्यात घेतली. सुरुवात संक्रांतीच्या हळदीकुंकवापासून करावी का?

निपाणीकर:
करा, रथसप्तमीपर्यंत वेळ मिळतो. आमंत्रण सुनेला एकटीला देऊ नका. घरात विधवा सासू असेल तर दोघींना द्या, आणि पहिलं कुंकू सासूला लावा.