मदत हवी आहे: ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपनीला नेमकं काय काय दिसतं?

नमस्कार मंडळी. हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. परवा मॅनेजरने बोलता बोलता विचारलं, "मंगळवारी अकरा ते पावणेबारा स्क्रीन लॉक होती, बरं नव्हतं का?" आईला बँकेत घेऊन गेलो होतो. चूक माझीच, सांगून जायला हवं होतं; पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

लॅपटॉप कंपनीचाच, पण त्यावर मी नेटबँकिंग आणि व्हॉट्सॲप वेबही वापरत आलोय (हो, घाला शिव्या). काल ब्राउझरमध्ये बँकेच्या साइटचं सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचा डिजिटल दाखला) उघडून पाहिलं, तर देणाऱ्याच्या जागी चक्क आमच्या कंपनीचं नाव! म्हणजे मधल्या मध्ये पासवर्डही वाचता येतो का? घरच्या वायफायवर असूनही?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगणारा सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल आहे, पण तो खासगी कंपनीला कितपत लागू होतो? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात कलम ७ मध्ये तर नोकरीच्या कारणांसाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा दिलीये. मग एचआरला लेखी नेमकं काय विचारू? डोळ्यांवर न येता कुणी असं विचारलंय का?