मदत हवी आहे : ग्रामपंचायतीने स्वतःचे इंटरनेट जाळे उभारावे का?

सप्रेम नमस्कार. आमच्या ग्रामपंचायत कार्यालयापर्यंत फायबर केबल आली आहे. परंतु कपाटावरच्या पेटीचा लाल दिवा तसाच लुकलुकतो आणि मुले ऑनलाइन अर्ज भरण्यासाठी रेंज शोधत देवळामागच्या टेकाडावर जातात. वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामासाठीच राखून न ठेवलेल्या) निधीतून घरोघरी जोडणी द्यावी, असा विषय येत्या ग्रामसभेपुढे आहे. अमेरिकेतील चॅटानूगा शहराच्या सार्वजनिक वीजसंस्थेने २०१० मध्येच सेकंदाला एक गिगाबिट, म्हणजे अतिशय वेगवान इंटरनेटची सेवा सुरू केली हे खरे. पण तिच्याकडे खांब, तारमिस्त्री आणि बिलवसुली आधीपासून होती, आमच्याकडे तर पाणीपट्टीच थकलेली असते. तेव्हा केबल तुटल्यावरची दुरुस्ती, मासिक शुल्क आणि परवाना यांची घडी कोणत्या ग्रामपंचायतीने कशी बसवली, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे. ठरावाचा मसुदा मिळाल्यास फार उपकार होतील.