डायोसीसला फायनान्स डायरेक्टर हवाय: "दानपेटी मोजायला 85 हजार?"

खतावणी
इथल्या सीए मंडळींच्या गटात काल एका गृहस्थांनी चर्च ऑफ इंग्लंडच्या एका डायोसीसची (एका बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) फायनान्स डायरेक्टरच्या जागेची जाहिरात डकवली. खाली त्यांचं भाष्य: "दानपेटी मोजायला 85 हजार पौंड! रिटायरमेंटच्या आधीची वर्षं सावलीत काढायची असतील तर अर्ज करा. अर्थात देवभक्ती लागते, म्हणजे आपला पत्ता कटच." त्यावर हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस.

वाचून तिडीक गेली. चॅरिटी ऑडिटमध्ये आयुष्य गेलंय, डायोसीसच्या फायलीही हाताखालून गेल्यात, त्यामुळे गप्प बसवत नाही.

एक तर दानपेटी डायोसीसकडे येतच नाही, ती पॅरिशची, म्हणजे स्थानिक चर्चची. डायोसीसचं बोर्ड ऑफ फायनान्स म्हणजे 1925 च्या कायद्यातून आलेलं प्रकरण, कंपनीही आणि चॅरिटीही. त्याच्याकडे येतो पॅरिश शेअर, म्हणजे पॅरिशांनी दर वर्षी द्यायचा वाटा, आणि तो देण्याची कायद्याने सक्ती नाही. व्हिकरचा (पॅरिशच्या धर्मगुरूचा) स्टायपेंड म्हणजे मानधन, त्याचं घर, पेन्शन, नव्या क्युरेटांचं (शिकाऊ धर्मगुरूंचं) प्रशिक्षण हे सगळं बोर्डाने भागवायचं, आणि पैसा किती येणार हे गावोगावच्या पीसीसीच्या (पॅरिशच्या कारभार समितीच्या) मर्जीवर. खर्च कापायचा म्हटलं तर बहुतेक व्हिकर कायद्याने नोकरदारच नाहीत, ऑफिस-होल्डर म्हणजे पदधारक आहेत. रिडंडन्सीचं (जागा रद्द करून कामावरून कमी करण्याचं) पत्र काढून मोकळं होता येत नाही. मग कुणी निवृत्त झालं की जागा रिकामी ठेवायची. जागा रिकामी राहिली की त्या पॅरिशचा शेअर आणखी घसरतो. हे चक्र ज्याच्या स्प्रेडशीटमध्ये रोज फिरतंय तो सावलीत बसलाय म्हणे.

आणि ताळेबंद? बघाल तर डोळे दिपतील. ग्लीबच्या (धर्मगुरूंच्या निर्वाहासाठी राखलेल्या) शेतजमिनी, व्हिकरेजची घरं, गुंतवणुका. पूर्वी ग्लीब त्या त्या व्हिकरची असायची. 1976 चा मेझर (चर्चचा कायदा) आला आणि 1978 पासून ती बोर्डांच्या ताब्यात गेली. पण तिचं उत्पन्न स्टायपेंडसाठीच वापरायचं. व्हिकरेज विकलं तर आलेल्या पैशाने ऑफिसचं भाडं भरता येत नाही. कागदावर कोट्यवधी पौंड आणि महिनाअखेरीला ओव्हरड्राफ्टची बोलणी, हे दृश्य मी पाहिलंय. ट्रस्टींच्या बैठकीत एक सद्गृहस्थ दर वेळी विचारतात, "एवढं आहे तर विकत का नाही?" आणि दर वेळी तेच उत्तर तितक्याच शांतपणे द्यायचं असतं.

माझं म्हणणं इतकंच: ही जागा बिशपना 'नाही' म्हणण्यासाठी आहे. जाहिरातीत मात्र 'उत्साहवर्धक प्रवास' आणि 'परिवर्तनाची दृष्टी' लिहितात. मग चुकीची माणसं येतात, दीड वर्षात जातात, आणि पुन्हा जाहिरात.

दुसरा शनिवार
ती पोस्ट माझीच. सीए लोक इतके हळवे असतील असं वाटलं नव्हतं.

मुद्द्याचं बोलू. चर्च कमिशनर्सकडे (चर्चचा मध्यवर्ती फंड सांभाळणारी संस्था) 2024 अखेर 11 अब्ज पौंडांच्या वर फंड होता. अकरा अब्ज! आणि खाली डायोसीसं तुटीचं रडगाणं गातात. ज्या कंपनीची होल्डिंग कंपनी इतकी गबर आहे, तिच्या उपकंपनीला फायनान्स डायरेक्टर मिळत नाही याचं मला दुःख व्हावं?

आणि अनुभव म्हणाल तर आहे. नाव घेत नाही, पण एका डायोसीसला मी खरंच अर्ज केला होता. जाहिरातीत 'चर्चच्या ध्येयांशी सहानुभूती' एवढंच. मुलाखतीत सांगितलं की घरी गणपती बसतो, पण तुमच्या कामाबद्दल आदर आहे. सगळे छान हसले, चहा झाला, शॉर्टब्रेड झालं. आठवड्याने ईमेल: दुसरे उमेदवार 'अधिक अनुरूप' वाटले. वीस वर्षं प्रायव्हेट इक्विटीत (कंपन्या विकत घेऊन नफ्याने विकण्याच्या धंद्यात) काढलेल्या माणसाला अनुरूपता शिकवतात.

ढब्बू पैसा
खुर्ची ओढून बसलो आहे. चहा आणा कुणीतरी.

मोहरी
मी रिक्रूटमेंटमध्ये आहे आणि चर्चच्या दोन-चार जागा हाताळल्यात, म्हणून लिहिते.

शनिवारदादा, कायदा असा आहे: 2010 च्या इक्वालिटी ॲक्टच्या नवव्या शेड्यूलप्रमाणे उमेदवार ख्रिश्चनच हवा अशी अट घालता येते, पण ती त्या कामाला खरोखर लागते आणि प्रमाणात आहे हे दाखवावं लागतं. डायोसीसन सेक्रेटरीसाठी (डायोसीसच्या प्रशासनाचा प्रमुख) काही ठिकाणी तसं दाखवतात. फायनान्ससाठी ते पटवणं जड जातं, म्हणून 'सहानुभूती' हा शब्द. तो खोटा नसतो. मी पाठवलेल्यांपैकी एक मुस्लिम बाई आज असंच काम उत्तम करतायत.

तुम्हाला का नाही घेतलं ते मला माहीत नाही. पण प्रायव्हेट इक्विटीतला माणूस पॅनेलसमोर आला की एक प्रश्न हमखास येतो: "पॅरिशने शेअर भरला नाही तर काय कराल?" आणि तो माणूस हमखास वसुलीबद्दल बोलायला लागतो. तिथे पॅनेलवरच्या आर्चडीकनचा (बिशपच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचा) चेहरा पडतो. माझा अनुभव असा की या जागेला सगळ्यात चांगली माणसं हाउसिंग असोसिएशनमधून (परवडणारी घरं भाड्याने देणाऱ्या ना-नफा संस्थांमधून) येतात. शेकडो घरं, गळकी छपरं, रिस्ट्रिक्टेड (ठरावीक कामालाच वापरता येणारा) पैसा, स्वयंसेवक ट्रस्टी, हे सगळं त्यांनी आधीच सोसलेलं असतं.

पगाराचं मात्र खतावणी बोलत नाहीत. बाहेर याच जबाबदारीला जास्त मिळतं. आणि आत बसल्यावर शेजारच्या टेबलावरच्या व्हिकरला 30 हजारांच्या आसपास स्टायपेंड आहे हे रोज दिसतं. या अवघडलेपणाबद्दल मुलाखतीत कुणी चकार शब्द काढत नाही.

नगरी
मी पीसीसीची ट्रेझरर आहे, बिनपगारी. मूळची नगरची, आजोबा तिथल्या एस.पी.जी. या चर्च ऑफ इंग्लंडच्या मिशनमधले, त्यामुळे अँग्लिकन हिशेबवह्या आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या. (1970 नंतर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या.)

तुमच्या त्या फायनान्स डायरेक्टरबद्दल मला फार प्रेम नाही. ऑफिसातून पत्र येतं: "आपला शेअर गेल्या वर्षीपेक्षा अमुक टक्क्यांनी वाढवावा ही नम्र विनंती." आमच्याकडे रविवारी पंचवीस माणसं. निम्मी ऐंशीच्या पुढची. छप्पर गळतंय, आणि आमच्या खात्यात एका आजीने मृत्युपत्रात ठेवलेले पैसे आहेत जे *फक्त घंटांसाठी* वापरायचे. घंटांचे दोर नवे कोरे, लोकरीच्या सॅलीसकट (दोराची हाताने धरायची जाड पकड), लाल-पांढरे-निळे. त्यांच्या शेजारी बादली ठेवलीय पाणी पडतं म्हणून. छपराच्या कामावरचा व्हॅट परत मिळायचा त्या सरकारी योजनेला 2025 मध्ये 25 हजारांची मर्यादा घातली. मी रात्री दहाला गिफ्ट एडचे (दानावरचा कर सरकारकडून परत मिळवण्याचे) फॉर्म जुळवत बसते, पौंडामागे 25 पेन्स यावेत म्हणून. आणि वर दर वर्षी ऑफिसात एक नवं पद: अमुक एनेबलर, तमुक मिशन लीड. 2021 मध्ये 'सेव्ह द पॅरिश' (पॅरिश वाचवा) चळवळ उगाच उभी नाही राहिली.

दुसरा शनिवार
नगरीताई, राग मानू नका, पण पंचवीस माणसांसाठी एक पूर्ण व्हिकर, एक घर, आणि आठशे वर्षांची इमारत? इंग्लंडभर 16 हजारांच्या आसपास चर्चं आहेत. निम्मी बंद करा. प्रश्न संपला, फायनान्स डायरेक्टरही नको.

नगरी
पूर्ण व्हिकर कुठे आहे आम्हाला? सात चर्चांत मिळून एक आहे! ती बिचारी रविवारी गाडीतच जेवते. तुमच्या माहितीसाठी, आमच्या शेअरमध्ये फक्त तिचा स्टायपेंड नसतो. घर, पेन्शन, एनआय (नॅशनल इन्शुरन्स, पगारावरची सरकारी वर्गणी), प्रशिक्षणाचा वाटा, ऑफिसचा खर्च धरून आकडा दुपटीच्या वर जातो. एप्रिल 2025 ला एनआय 15 टक्के झालं आणि सूट 5 हजारांवर आली, तेही आमच्याच डोक्यावर. 'निम्मी बंद करा' म्हणायला काय जातं? बंद चर्चच्या दफनभूमीचं गवत कोण कापणार, तुम्ही?

दुसरा शनिवार
गवत कापायला ठेकेदार मिळतो. भावनेच्या नावाखाली तोटा चालू ठेवणं याला आमच्याकडे वाईट गव्हर्नन्स म्हणतात.

नगरी
तुमच्याकडे म्हणजे कुठे? जिथे कंपनी कर्जात बुडवून तीन वर्षांत विकतात तिथे?

ढब्बू पैसा
अरे वा. चहा आला वाटतं.

'चर्चला फायनान्सवाले कळत नाहीत' हा सूर गमतीचा आहे. मागचे आर्चबिशप वेल्बी स्वतः तेल कंपनीत ट्रेझरर होते. 2013 मध्ये त्यांनी वोंगासारख्या सावकारी कंपन्यांवर तोफ डागली, आणि लगेच बाहेर आलं की चर्चच्याच गुंतवणुकीतले सुमारे 75 हजार पौंड फिरून फिरून वोंगात आहेत. म्हणजे वरती फायनान्सवाला असूनही खालचं पान उलटून कुणी बघितलेलं नव्हतं.

बाकी आमच्या गावच्या देवस्थानाचा खजिनदार तर...

मोहरी
ढब्बू, देवस्थान नको. मागच्या धाग्यात तीनशे प्रतिसाद त्यावरच गेले.

खतावणी
देवस्थान नकोच. पण अकरा अब्जांचं उत्तर राहिलंय.

शनिवारराव, होल्डिंग कंपनी आणि उपकंपनी हे डोक्यातून काढा. बेचाळीस डायोसीसं, प्रत्येकीचं बोर्ड कायद्याने स्वतंत्र. कमिशनर्सचा फंड ही वेगळी संस्था. ते बिशपांचा खर्च बघतात, गरीब भागांना अनुदान देतात, आणि 1998 च्या आधीच्या सेवेची पेन्शनं देतात. '1998 च्या आधीच्या' यातच सगळी मेख आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कमिशनर्सनी कर्ज काढून मालमत्तांचा जुगार खेळला आणि सुमारे 80 कोटी पौंड घालवले. त्यानंतर नव्या सेवेच्या पेन्शनचा भार डायोसीसांवर आला, म्हणजे फिरून नगरीताईंच्या पीसीसीवर. मधल्या काळात ही वर्गणी पेन्शनेबल स्टायपेंडच्या जवळपास 40 टक्के होती. हुशार शहरी लोकांनी वर खेळलेल्या डावाचं बिल खेड्यातली ट्रेझरर गिफ्ट एड जुळवून भरतेय. म्हणून पुन्हा एक 'डील' करणारा माणूस आणा म्हटलं की मला घाम फुटतो.

आणि सगळी डायोसीसं सारखी नाहीत. लिंकनकडे ग्लीब भरपूर, काहींकडे नावाला. वेस्ट यॉर्कशायरमध्ये 2014 ला तीन डायोसीसांची एक केली, तेव्हा वेगवेगळे फंड, वेगवेगळ्या अटी एका वहीत आणाव्या लागल्या. ते काम करणाऱ्याला जाऊन सांगा सावलीबद्दल.

दुसरा शनिवार
इतिहासाचा तास आवडला. पण मग 11 अब्ज झालेत ना आता? नुकसान भरून निघालं. खाली सोडा की पैसा.

खतावणी
सोडतायत. 2026 ते 28 साठी 1.6 अब्ज जाहीर केलेत. त्यातलं किती साध्या पॅरिशच्या रोजच्या खर्चाला आणि किती 'प्रकल्पां'ना, यावर सिनोडमध्ये (चर्चच्या प्रतिनिधी सभेत) कायम जुंपलेली असते. प्रकल्पाला पैसा मिळतो, व्हिकरला नाही, ही नगरीताईंची तक्रार रास्त आहे, आणि तिथे मी फायनान्स डायरेक्टरच्या नाही, त्यांच्या बाजूला आहे.

नगरी
बरं झालं कुणीतरी म्हणालं. पण मग त्या ऑफिसला आणखी एक 85 हजारांचा माणूस कशाला हे अजून मला पटलेलं नाही. आमच्याकडे मागच्या डायरेक्टर एकदा स्वतः आल्या होत्या, वेस्ट्रीत (चर्चच्या बाजूच्या खोलीत) हीटर नव्हता, कोट घालूनच बसल्या. शेअरचा तक्ता बाजूला ठेवला आणि घंटांच्या पैशांची कागदपत्रं मागितली. मृत्युपत्राची भाषा वाचून म्हणाल्या, "टॉवरचं छप्पर घंटांसाठीच आहे असं म्हणता येईल का, हे वकिलाला विचारते." विचारलं. टॉवरपुरतं का होईना, जमलं. त्या वर्षी आम्ही शेअर पूर्ण भरला, कारण भरावासा वाटला. नंतर त्या सोडून गेल्या. का ते कुणी सांगितलं नाही.

मोहरी
मी सांगू शकते असं नाही, पण अंदाज आहे. एकाच माणसाने ग्लीबच्या भाडेकरूंशी बोलायचं, ऑडिटरला तोंड द्यायचं, बिशपना नाही म्हणायचं आणि संध्याकाळी वेस्ट्रीत कोट घालून बसायचं. दोन माणसांचं काम आहे. जाहिरातीत 'कमी मुदतीत परिणाम दाखवणारा' लिहितात.

दुसरा शनिवार
ठीक आहे. दानपेटी हा शब्द मागे घेतो, तुम्हा सर्वांच्या समाधानासाठी. 'गवत ठेकेदार' मात्र घेत नाही. चर्चं जास्त आहेत हे तुमच्यापैकी कुणीही आकड्याने खोडलेलं नाही, फक्त बादलीची गोष्ट सांगितलीत.

नगरी
आकडा पाहिजे? वर्षाचा गवताचा ठेका, तीन कोटेशन, मी उद्या स्कॅन करून टाकते. मग बोला.

ढब्बू पैसा
मुदत कधी संपतेय त्या जाहिरातीची? भाऊ हाउसिंग असोसिएशनमध्ये आहे माझा.