धडा वर्गात, सारस बांधीत
"गोष्टी-कवितांनी पर्यावरण टिकत नाही, विज्ञानाचे तास वाढवा," असं एकांनी म्हटलंय. मला नाही पटत. मी गोंदिया जिल्ह्यात सातवीला मराठी शिकवते. राज्यातले जवळपास सगळे सारस पक्षी गोंदिया-भंडाऱ्यातच, धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, घरटं करणारे. नवेगावबांधला वनाधिकारी राहिलेल्या मारुती चितमपल्लींचं लेखन मी मुलांना मोठ्यानं वाचून दाखवते, मग सांगते, आता सारसाच्या बाजूनं लिहा. एका पोरीनं लिहिलं, 'रोवणीच्या बाया जवळ आल्या. मी अंड्यांवरून उठू का नको?' तिची आई भाताची रोपं लावणाऱ्या त्याच बायांमध्ये रोजीनं जाते! वाचताना तिचा आवाज अडखळला. कीटकनाशकांचा तक्ता मीही भिंतीवर लावलाय, पण हा प्रश्न त्यातून आला नाही. त्या संध्याकाळी ती आईला विचारत होती, घरट्याभोवतीचे पऱ्हे (रोपं) नाही लावले तर मालक रागावेल का.