गेमिंग पीसीत हार्ड डिस्कला अजून जागा आहे का?

उघडं कॅबिनेट (धागाकर्ता)

नवीन गेमिंग पीसीचं कोटेशन मागितलं की बरीच दुकानं अजून तीच जोडी लिहून देतात: २५६ जीबी एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारा ड्राइव्ह) आणि १ टीबी हार्ड डिस्क (फिरत्या तबकडीवर डेटा ठेवणारी). विंडोज एसएसडीवर, गेम हार्ड डिस्कवर. ही जोडी आता बंद करावी असं माझं ठाम मत आहे. त्याच पैशात जेवढी बसेल तेवढी एकच एसएसडी घ्या, ५०० जीबी तर ५०० जीबी, पण गेम हार्ड डिस्कवर टाकू नका.

हे आवडीनिवडीचं नाही, साधं गणित आहे. ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेऱ्यांची) तबकडी एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत पुरी करते. म्हणजे हवा तो भाग हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी ४.२ मिलिसेकंद, आणि त्याआधी हेड त्या ट्रॅकपर्यंत (तबकडीवरच्या वर्तुळापर्यंत) सरकायला आणखी ८-९. एका वाचनाला १२-१३ मिलिसेकंद धरले तर सेकंदाला जेमतेम ८० वाचनं होतात. ओपन वर्ल्ड गेमने ६४ केबीचे विखुरलेले तुकडे मागितले की ८० गुणिले ६४, म्हणजे सेकंदाला ५ एमबी हातात पडतात. खोक्यावरचा १८० एमबीचा वेग फक्त सलग फाइल वाचतानाचा, तोही तबकडीच्या बाहेरच्या कडेला. आतल्या ट्रॅकवर तो जवळपास निम्मा होतो. तेच विखुरलेलं वाचन साध्या साटा एसएसडीवर साधारण ०.१ मिलिसेकंदात होतं. गाडी वेगात असताना इमारती उशिरा उगवणं, भिंतींचं टेक्श्चर (पृष्ठभागाचं चित्र) धुरकट राहणं, दार उघडल्यावर अर्धा सेकंद सगळं गोठणं, या सगळ्याचं मूळ इथे आहे.

प्रकाशकही आता स्पष्ट लिहितात. स्टारफिल्डच्या (सप्टेंबर २०२३) किमान गरजांमध्येच एसएसडी आहे. सायबरपंक २०७७ ने २०२३ मध्ये किमान गरजा बदलून हार्ड डिस्क वगळली. बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी जागा हवी, तीही एसएसडीवर.

७२००

गणित बरोबर, निष्कर्ष नाही. लोडिंगचा सगळा वेळ डिस्कवर जातो हे तुम्ही गृहीत धरलंय.

ताजं उदाहरण हेलडायव्हर्स २ चं. हार्ड डिस्कचं हेड कमी फिरावं म्हणून या गेममध्ये त्याच फायली अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा ठेवल्या होत्या, त्यामुळे पीसीवर तो सुमारे १५४ जीबी झाला होता. डिसेंबर २०२५ मध्ये निर्मात्यांनी ती पुनरावृत्ती काढून तो २३ जीबीवर आणला. तेव्हा सुमारे ११ टक्के खेळाडू हार्ड डिस्कवर होते, आणि त्यांचं लोडिंग किती वाढलं? काही सेकंद. कारण लोडिंगचा मोठा भाग लेव्हल तयार करण्यात जातो, आणि ते काम प्रोसेसरचं.

त्याहून जुनं उदाहरण जीटीए ऑनलाइनचं. कित्येक मिनिटांच्या लोडिंगसाठी लोक वर्षानुवर्षं डिस्कला दोष देत होते. २०२१ मध्ये एका हौशी प्रोग्रामरने शोधून दाखवलं की सुमारे ६३ हजार नोंदींची १० एमबीची जेसन (मजकुराच्या रूपातल्या डेटाची) फाइल अत्यंत अकार्यक्षम पद्धतीने वाचली जाते, एकाच थ्रेडवर. ते दुरुस्त केल्यावर त्याचं लोडिंग ७० टक्क्यांनी घटलं. रॉकस्टारने मार्चमध्ये पॅच दिला. ती ७० टक्के कुठल्याही एसएसडीने दिली नसती.

बाल्डर्स गेट ३ चं नाव घेतलंत, तर हेही सांगा की त्याच्या सेटिंगमध्ये संथ हार्ड डिस्कसाठी खास मोड दिला आहे. आणि एसएसडीने एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढत नाही. अनरिअल इंजिनच्या गेममध्ये शेडर (ग्राफिक्स कार्डवर चालणारे छोटे प्रोग्राम) कंपाइल होताना जो झटका बसतो, तोही डिस्क बदलून जात नाही.

२५६ जीबीची एसएसडी चूक आहे, यात वाद नाही. पण ५०० जीबी एकटीही चूकच. आजचे तीन मोठे गेम टाकले की ती भरली. मग दर महिन्याला एक काढा, दुसरा डाउनलोड करा. १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे १२.५ एमबी) कनेक्शनवर १५० जीबीला, पूर्ण वेग मिळाला तरी, ३ तास २० मिनिटं लागतात. तोच गेम हार्ड डिस्कवर ठेवलेला असेल तर १५० एमबीच्या वेगाने १७ मिनिटांत एसएसडीवर येतो.

उघडं कॅबिनेट

हेलडायव्हर्सचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ११ टक्क्यांच्या सोयीसाठी उरलेल्या ८९ टक्क्यांनी १३० जीबी जास्तीची जागा दिली, आणि ती महागड्या एसएसडीवरची जागा होती. शिवाय त्या गेममध्ये लोडिंग मिशनच्या आधी एकदा होतं. सायबरपंकमध्ये तुम्ही शहरातून गाडी पळवताना डेटा सतत येत राहतो. पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

सरासरी एफपीएस वाढत नाही हे मान्यच. पण सरासरीत झटके दिसत नाहीत. फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख लावा. डेटा वेळेत आला नाही आणि गेम त्याच्यासाठी थांबला, की १६ मिलिसेकंदांची फ्रेम २०० ची होते. सरासरी ६० चे ५९ होतात, खेळणाऱ्याला मात्र तो धक्का चांगलाच जाणवतो.

गोदाम म्हणून हार्ड डिस्क ठेवायला माझी ना नाही. तिथून गेम चालवायला आहे.

दुरुस्तीवाला

दोघंही 'हार्ड डिस्क' म्हणताय, पण कोणती? इथेच लोक फसतात.

एसएमआर प्रकारात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. वाचायला अडचण नाही. पण मधला एक ट्रॅक बदलायचा तर तो अख्खा पट्टा वाचून पुन्हा लिहावा लागतो. ड्राइव्ह आधी नवा डेटा एका राखीव भागात घेते, तो भरला की लिहिण्याचा वेग कोसळतो. स्टीमचा अपडेट तर डिस्कला सगळ्यात जड जातो: डाउनलोड ३ जीबीचं असलं तरी मोठ्या फायली नव्याने जुळवून लिहिल्या जातात, आणि प्रत्यक्ष लिहिणं त्याच्या कित्येक पट होतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, वेग ५-१० एमबी, आणि ग्राहक म्हणतो नेट स्लो आहे. २०२० मध्ये कंपन्यांनी हा प्रकार न सांगता विकल्याचं उघड झालं, त्यानंतर त्यांनी याद्या जाहीर केल्या. सीगेटच्या यादीत ३.५ इंची बॅराकुडाची १ टीबी सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली) आहे आणि २ टीबीची एसटी२०००डीएम००८ एसएमआर. नाव तेच, खोकं तेच. घेण्याआधी मॉडेल नंबर त्या यादीत बघा.

गोदामासाठी एसएमआर चालेल. गेम चालवायचे आणि अपडेट करायचे तर सीएमआरच.

स्वस्तातल्या 'नव्या' एंटरप्राइज (सर्व्हरसाठीच्या) डिस्क तपासल्याशिवाय घेऊ नका. २०२५ च्या सुरुवातीला हजारो तास चाललेल्या सीगेट एक्सोस डिस्क स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या वापराची ठेवते त्या नोंदीचे) आकडे शून्य करून नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. सीगेटमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते, ती पुसली नव्हती. स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रामने ती वाचता येते. दोन नोंदींतले तास जुळले नाहीत तर डिस्क परत करा.

आणखी एक तक्रार हमखास येते: खेळताना मधेच ५-६ सेकंद सगळं थांबतं, मग ठीक. विंडोज २० मिनिटं न वापरलेली हार्ड डिस्क झोपवते, आणि गेमने काही मागितलं की तबकडी पुन्हा वेगात येईपर्यंत सगळं अडकतं. पॉवर ऑप्शन्सच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये हार्ड डिस्क बंद करण्याची वेळ शून्य करा. यासाठी नवी डिस्क घ्यायची गरज नाही.

स्टीमसेल

एसएमआरबद्दल बोललात, मग क्यूएलसीबद्दलही (एका पेशीत चार बिट ठेवणाऱ्या स्वस्त एसएसडी चिपबद्दल) बोला. स्वस्त एसएसडी म्हणजे सगळं आलबेल, असं धाग्यावरून वाटतंय.

सॅमसंग ८७० क्यूव्हीओची १ टीबी घ्या. पहिले साधारण ४२ जीबी सुसाट लिहिले जातात, ती कॅशे (जलद लिहिण्याची तात्पुरती जागा) भरली की वेग ८० एमबीवर येतो. हा कंपनीनेच दिलेला आकडा आहे. म्हणजे हार्ड डिस्कवरून १५० जीबीचा गेम त्यावर हलवताना शेवटचे १०० जीबी हार्ड डिस्कच्या निम्म्या वेगाने लिहिले जाणार. ७२०० यांची १७ मिनिटं तिथे सत्तावीसच्या घरात जातात. शिवाय बऱ्याच स्वस्त ड्राइव्हमध्ये ही कॅशे रिकाम्या जागेतूनच बनते. ९० टक्के भरलेल्या ड्राइव्हवर ती आणखी आखडते, म्हणून १५-२० टक्के जागा मोकळी ठेवा.

वाचताना क्यूएलसी त्रास देत नाही, आणि गेम मुख्यतः वाचनाचंच काम करतो. २०० एमबीपीएसचं नेट सेकंदाला २५ एमबीच आणतं, त्यामुळे डाउनलोडलाही ८० पुरेसे. गेमसाठी क्यूएलसी घ्या, फक्त खोक्यावरच्या लिहिण्याच्या आकड्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

त्याच न्यायाने १४००० एमबीच्या जेन ५ ड्राइव्हचा मोह टाळा. डायरेक्टस्टोरेज (ड्राइव्हवरून गेमचा डेटा वेगाने आणणारं विंडोजचं तंत्र) पीसीवर २०२२ मध्ये आलं, पण त्याचा नीट फायदा घेणारे गेम अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बहुतेक गेममध्ये साटा (केबलने जोडायची) आणि एनव्हीएमई (बोर्डवर थेट बसणारी, जास्त वेगवान) एसएसडी यांच्या लोडिंगमध्ये दोन-चार सेकंदांचाच फरक पडतो.

७२००

२०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीने नँड (एसएसडीत लागणाऱ्या) चिपचे भाव चढलेत, हेही हिशेबात धरा. हार्ड डिस्कही महागल्या, पण दर टीबीमागचा फरक अजून मोठा आहे. ४ टीबीचा संग्रह एसएसडीवर ठेवा म्हणणं म्हणजे ग्राफिक्स कार्ड एक पायरी खाली आणा म्हणणं. आणि ग्राफिक्स कार्डने एफपीएस खरोखर वाढतो.

माझी मांडणी अशी: १ टीबी एनव्हीएमई, त्यावर विंडोज आणि चालू असलेले दोन-तीन गेम. सोबत सीएमआर हार्ड डिस्क. तिच्यावर संग्रह, रेकॉर्डिंग आणि जुने गेम. २०१५ च्या आधीचे बहुतेक गेम हार्ड डिस्क गृहीत धरूनच बनले होते, ते तिथून आजही व्यवस्थित चालतात.

उघडं कॅबिनेट

१ टीबी एनव्हीएमई आधी, हार्ड डिस्क नंतर, असा क्रम असेल तर आपला वाद बराच मिटला. पण बजेट एकाच वस्तूचं असेल तर? तिथे मी एक पाऊलही मागे येणार नाही. हार्ड डिस्क कधीही जोडता येते, एक साटा केबल आणि एक पॉवर केबल. संथ मुख्य ड्राइव्ह बदलायची म्हणजे सगळं विंडोज उचलून न्यायचं.

चौथी पिढी

आय५ चौथी पिढी, एच८१ बोर्ड, ८ जीबी रॅम, फक्त १ टीबी हार्ड डिस्क. एम डॉट टू (एनव्हीएमई बसवायचा) स्लॉट नाही. यात एसएसडी टाकून उपयोग होईल का, की पैसे नव्या पीसीसाठी ठेवू?

दुरुस्तीवाला

उपयोग होईल. ८ जीबी रॅमवर आजचा गेम चालू झाला की विंडोज पेजफाइलकडे (रॅम अपुरी पडल्यावर ड्राइव्हवर वापरायच्या जागेकडे) धावतं, आणि ती हार्ड डिस्कवर असल्याने गेमचं वाचन आणि पेजफाइल एकाच हेडसाठी भांडतात. अशा पीसीतले निम्मे झटके तेवढ्यानेच जातात. ५०० जीबीची २.५ इंची साटा एसएसडी घ्या, पुढे नव्या पीसीतही ती चालेल. एनव्हीएमई अडॅप्टर कार्डाच्या नादी लागू नका, या पिढीचे बहुतेक बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) त्यावरून बूट होत नाहीत.

एच८१ वर चारपैकी दोनच साटा पोर्ट ६ जीबीपीएसचे असतात, बहुधा वेगळ्या रंगाचे. एसएसडी त्यातल्या एकावर लावा. बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय आहे ना बघा. विंडोज नव्याने टाका, आणि टाकताना हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. ती लावलेली राहिली तर विंडोज बूटची छोटी पार्टिशन जुन्या डिस्कवर ठेवू शकतं. मग वर्षाने ती डिस्क बिघडली की एसएसडी धडधाकट असूनही पीसी सुरू होत नाही.

विंडोज चालू झाल्यावर पीसी बंद करून हार्ड डिस्क परत जोडा. तिच्यावरचे गेम पुन्हा डाउनलोड करू नका. स्टीमच्या सेटिंगमध्ये स्टोरेज उघडून तो ड्राइव्ह जोडा, जुने गेम आपोआप दिसतात. हवा तो निवडून मूव्ह करा. एपिक गेम्सच्या लाँचरमध्ये सोपा मार्ग नाही: गेम नव्या जागी इन्स्टॉल करायला सुरुवात करा, २-३ टक्क्यांवर थांबवून लाँचर बंद करा, जुना फोल्डर नव्यावर कॉपी करा, मग पुढे चालू करा. तो फायली तपासून उरलेलंच डाउनलोड करतो.

हलवण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये जुन्या डिस्कचे ०५, सी५ आणि सी६ हे (खराब किंवा संशयित सेक्टरचे) आकडे बघा. सी५ शून्य नसेल तर काही सेक्टर वाचले जात नाहीयेत, आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा, गेम नंतर. फक्त सी७ (केबलवरच्या चुकांचा आकडा) वाढलेला असेल तर डिस्क ठीक आहे, साटा केबल बदला.