मदत हवी आहे : ४५ च्या पुढे गेलं की बाबांची जीप अंगात आल्यासारखी करते

तर्रीपोहे

नमस्कार मंडळी. गाडीतलं मला कळतं ते एवढंच, की डिझेलच्या गाडीत पेट्रोल टाकायचं नाही. प्रश्न नीट मांडता आला नाही तर सांभाळून घ्या.

बाबांची जीप आहे. महिंद्राची, उघडी, वर कॅनव्हासचं हूड. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून काटोलला आमच्या संत्र्याच्या बागेत शेडखाली उभी होती. दिवाळीला भावाने भंगारवाल्याशी बोलणं सुरू केलं, तेव्हा मी म्हटलं की मी घेते. सगळे हसले. बॅटरी, क्लच, ब्रेकचं काम तिथेच करून घेतलं आणि चालवत नागपूरला आणायला निघाले.

४० पर्यंत गाडी गाईसारखी गरीब. ४५ च्या आसपास पुढचं चाक एखाद्या खड्ड्याला किंवा रस्त्याच्या जोडाला लागलं की स्टिअरिंग डावी-उजवीकडे झटके द्यायला लागतं. थरथर नाही, झटके. हात सुटतील असे. बॉनेट डोळ्यांसमोर हलताना दिसतं. अॅक्सिलरेटर सोडून भागत नाही, पार १५-२० वर आणावी लागते, मग एकदम शांत, जणू काही झालंच नाही. पहिल्यांदा झालं ते कळमेश्वर सोडून फेटरीच्या अलीकडे, आणि मागे ट्रक. कशीबशी कडेला उतरवली आणि दहा मिनिटं नुसती बसून राहिले. ट्रकवाला जाताना काहीतरी बोलला. ऐकू आलं नाही ते बरंच झालं.

त्यानंतर तीन गॅरेज झाली. पहिल्याने व्हील बॅलन्सिंग केलं. दुसऱ्याने टायर जुने म्हणून चारही नवे गळ्यात मारले. तिसऱ्याने टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यांची टोकं, बदलली आणि म्हणाला, "मॅडम, जुनी जीप अशीच चालते." एकतीस हजार गेले आणि झटके तसेच. "सर नाही आले का?" हा प्रश्न मात्र तिन्ही ठिकाणी फुकट मिळाला.

थोडी पार्श्वभूमी. बाबा सांगायचे की ही दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन विलीज आहे, १९४२ ची. त्यांनी ती १९७८ मध्ये सरकारी लिलावात घेतली. तेव्हा पेट्रोलवर होती. मला आठवतंय, मे महिन्यात काटोलला जाताना गाडी मधेच बंद पडायची, मग बाबा बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओला पंचा गुंडाळायचे. इंजिनाजवळचा तो छोटा पंप. आम्ही झाडाखाली बसून बोरकुटाच्या पुड्या संपवायचो, पंचा वाळायचा, गाडी सुरू व्हायची. १९८६ मध्ये त्यांनी डिझेल इंजिन बसवून घेतलं आणि पंचा सुटला.

हे झटके कशाने येतात? आणि महायुद्धातल्या गाडीचे भाग आता मिळतात तरी कुठे? कागदांचाही घोळ आहे, आरसी अजून बाबांच्याच नावावर आहे.

---

खामल्याचा भाऊ

ताई, काऊन एवढा लोड घेऊन राहिल्या? माझ्या मामाच्या जीपलेही असंच होत होतं. स्टिअरिंग डँपर, म्हणजे झटके खाणारा शॉकअप, लावला, विषय संपला. दोन-तीन हजाराचं काम. आणि ४५ च्या वर जायचंच काऊन म्हणतो मी, जीप आहे, विमान नाही.

---

जुना_पाना

भाऊ, डँपर म्हणजे दुखऱ्या दाताला लवंग. काही दिवस बरं वाटतं, आतली कीड चालूच राहते. मामांना विचारा, वर्षभरानंतर काय झालं.

ताई, आधी दोन गोष्टी बघून सांगा. समोरच्या जाळीत उभ्या फटी किती आहेत? आणि बॉनेट पुढच्या मडगार्डांच्या किती वर आहे, बाजूने बघितलं तर उंच, चौकोनी खोक्यासारखं दिसतं का? अजून एक, गिअरच्या शेजारी दोन छोटे दांडे असतील. एकाने पुढची चाकं जोडतात, दुसऱ्याने हाय-लो. पुढच्या चाकांचा दांडा गुंतलेला ठेवून डांबरी रस्त्यावर चालवत नाही ना? तसं असेल तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात, वळणावर स्टिअरिंग जड होतं.

तोवर गाडी ३० च्या वर नेऊ नका. हे गमतीत सांगत नाही.

---

तर्रीपोहे

सात फटी. भाच्याने मोजल्या, मी परत मोजल्या. बॉनेट उंच आहे, चांगलं खोक्यासारखं. पुढचा दांडा सुटलेलाच आहे, त्यावर बाबांनी लाल टेप गुंडाळून ठेवली होती, कोणी हात लावू नये म्हणून.

---

जुना_पाना

मग बाबांची आठवण तशीच ठेवून एक गोष्ट सांगतो. तुमची गाडी महायुद्धातली नाही.

युद्धातली विलीज एमबी १९४१ ते १९४५ या काळात बनली. अमेरिकन सैन्याला १९४० मध्ये हलकी, चारही चाकांवर चालणारी गाडी हवी होती. पहिला नमुना बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीने करून दिला, पण विलीजचं इंजिन सगळ्यांत दणकट निघालं, सुमारे ६० हॉर्सपॉवरचं, आणि मोठं कंत्राट त्यांच्याकडे गेलं. गाड्या पुरेनात म्हणून फोर्डकडूनही तीच बनवून घेतली. दोघांच्या मिळून सहा लाखांवर झाल्या. त्या गाड्यांच्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी असतात. सात फटी आल्या त्या युद्धानंतर, शेतकऱ्यांना विकायला काढलेल्या सीजे मालिकेत.

तुमची आहे सीजे-३बी. उंच बॉनेट हीच तिची ओळख. १९५३ मध्ये विलीजने हरिकेन इंजिन बसवलं. क्षमता आधीच्या इंजिनाएवढीच, २.२ लिटर, पण हवा घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्येच ठेवले. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली. ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच वर उचललं. अमेरिकेत लोकांनी त्या तोंडाला नावं ठेवली आणि १९६८ मध्ये ते मॉडेल तिकडे बंदही झालं. आपल्याकडे मात्र तोच चेहरा पुढे कित्येक वर्षं पोलीस, वन खातं, जिल्हा परिषद, निवडणुकीचा प्रचार आणि लग्नाची वरात, सगळीकडे फिरत राहिला.

ही गाडी आपल्याकडे आली तीही गंमत आहे. १९४५ मध्ये कंपनी सुरू झाली तेव्हा तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं. पोलादाचा व्यापार. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये पाटीवरचं मोहम्मद जाऊन दुसरं महिंद्रा आलं. मुंबईत माझगावला सुटे भाग जोडून विलीज जीप बनवायला सुरुवात झाली ती याच सुमारास.

आता तुमचं डिझेल. ८६ साली बसवलंय म्हणजे बहुतेक २३५० सीसीचं असणार. ते मुळात इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन, बी-२७५ चं. म्हणून भागांची काळजी सोडा. जीपचं दुकान शोधू नका, काटोलला ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानात जा. पण हे इंजिन पेट्रोलपेक्षा जड. सगळा बोजा पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि पुढच्या अॅक्सलवर येतो, आणि तो बोजा जवळपास चाळीस वर्षं आहे.

आता झटके. चाक डावी-उजवीकडे वळतं ते किंगपिनच्या बेअरिंगवर, वर एक, खाली एक. ती झिजली की चाक उभ्याचं तिरपं व्हायला मोकळं होतं. शिवाय या जीपला स्टिअरिंगचा जोर थेट चाकाला जात नाही. एक दांडा पुढे येतो, मधोमध बेलक्रँक नावाचा तिकोनी तुकडा पिनेवर फिरतो, आणि त्याच्यापासून दोन टाय रॉड दोन बाजूंना जातात. ती पिन झिजली की नवे टाय रॉड एंड लावून काय उपयोग? मधलाच डोलतोय. खड्ड्याने एक धक्का दिला की सगळी सैल मंडळी एका तालात नाचायला लागतात.

घरीच बघता येतं. गाडी जमिनीवर ठेवा, एकाला स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खाली वाकून तो तिकोनी तुकडा बघा. तो फक्त गोल फिरला पाहिजे. वर-खाली झुलला किंवा कलला तर पिन आणि बुश, म्हणजे पिनेभोवतीची नळी, गेले. मग पुढचं चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड लावून. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालायचा नाही. टायर वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. खडखड लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर चाकाचं बेअरिंग, तरीही राहिली तर किंगपिन.

---

बाररूम

पाना साहेबांनी गाडीचं सांगितलं, मी कागदांचं सांगतो. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. भावाची आणि आईची संमती लेखी घ्या, आताच, सगळे प्रेमाने बोलताहेत तोवर. नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर, गाडी दाखवावी लागेल. १५ वर्षांवरच्या मोटारीची ही फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० झाली आणि २० वर्षांवरच्यांना नंतर आणखी वाढली, तेव्हा चालू आकडा बघून जा.

कोणी सांगेल की पन्नास वर्षं झाली, विंटेजमध्ये टाका. घाई करू नका. २०२१ च्या नियमात विंटेजसाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं लागतात, पण गाडी मूळ रूपातही लागते, इंजिनासकट. तुमचं इंजिन बदललेलं. शिवाय विंटेज गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती असल्याच कामांना. तुम्हाला काटोलला जायचंय ना?

सगळ्यात महत्त्वाचं, आरसीवर इंधन काय लिहिलंय आणि इंजिन नंबर जुळतो का ते बघा. बदललेल्या इंजिनाची नोंद नसेल तर आधी तेच काम.

---

तर्रीपोहे

उशिरा लिहिते आहे, मध्ये परीक्षांचे पेपर होते.

बेलक्रँक बघितला. भाचा स्टिअरिंगवर, मी खाली चटई टाकून. फिरत नव्हता, डोलत होता. बोटाने ढकलला तरी कलत होता. डावं चाक जॅकवर घेऊन हलवलं तर ब्रेक दाबूनही टकटक. उजवं त्या मानाने बरं.

कामठी रोडला एक म्हातारे मिस्त्री मिळाले. "सर कुठे" विचारलं नाही, "चाक कुणी बघितलं" असं विचारलं. मी म्हटलं मीच. मग त्यांनी मला समोर स्टूलावर बसवूनच काम केलं. डाव्या किंगपिनची वरची टोपी उघडली तर खाली शिमच नाहीत, म्हणजे बेअरिंग किती घट्ट बसेल ते ठरवणाऱ्या पातळ चकत्या. कोणीतरी कधीतरी काढल्या आणि परत घातल्याच नाहीत. खालच्या बेअरिंगचे रोलर गंजून खवलेदार झालेले. दोन्ही बाजूंची बेअरिंग नवी घातली, बेलक्रँकची पिन आणि बुश बदलले.

शिम किती घालायच्या हे ठरवायला त्यांनी टाय रॉड सोडले, शेजारच्या रद्दीवाल्याकडून हुकाचा काटा मागवला, तो स्टिअरिंग आर्मच्या टोकाला अडकवून हळूच ओढला आणि काट्यावर किती येतं ते बघितलं. एक शिम काढली, परत ओढलं. दोन्ही बाजू सारख्या येईपर्यंत तासभर हेच चाललं. रद्दीवाला बाजूला उभा राहून "माझा काटा खरा आहे" असं तीनदा म्हणाला, कोणी विचारलेलं नसताना.

मजुरी आणि भाग मिळून साडेनऊ हजार. आधीच्या एकतीस हजारांबद्दल मी आता बोलत नाही.

रविवारी काटोलला जाऊन आले. फेटरीपाशी मुद्दाम ५० केली. एकदा खड्डा लागला, हात घट्ट झाले, पण स्टिअरिंगने फक्त एक ठोका दिला आणि सरळ. ५५ च्या पुढे इंजिनच एवढं ओरडतं की आपोआप पाय निघतो.

बाररूम, बाबांच्या पत्र्याच्या पेटीत जुनं आरसी पुस्तक मिळालं. १९८६ च्या पानावर हाताने लिहिलेली इंजिन बदलाची नोंद आहे, शिक्क्यासकट. ऑनलाइन मात्र अजून पेट्रोलच दिसतं. पहिली नोंदणी १९६९ ची, म्हणजे १९४२ गेलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "मला माहीत होतं. पण त्यांना सांगायला आवडायचं."

---

बाररूम

ते पुस्तक लॅमिनेट करू नका. मूळ पान दाखवावं लागेल. दोन रंगीत झेरॉक्स काढून ठेवा.

---

खामल्याचा भाऊ

मामाले विचारलं. डँपर लावल्यावर आठ महिन्यांनी जीप विकून टाकली म्हणे. कारण सांगत नाही.

---

जुना_पाना

ताई, मिस्त्री चांगला मिळाला, त्याला सोडू नका. एकच राहिलं. बेलक्रँकच्या पिनेला ग्रीस भरायचं छोटं तोंड, म्हणजे निपल, असतं. तिथे ग्रीस पोचलं असतं तर पिन एवढी झिजली नसती. मिस्त्रीने तुकडा जुनाच ठेवलाय, म्हणून ते निपल उघडं आहे का बघा. पुष्कळदा गाडी रंगवताना ते रंगाखाली बुजतं.

---

तर्रीपोहे

आत्ता जाऊन बघितलं. नखाने खरवडलं तर हिरव्या रंगाच्या दोन थरांखाली होतं.